वाचकांचे प्रश्न : घरातला जुना संगणक आणि सेटिंगमधील बदल

प्रश्न : आमच्या घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव या नात्याने देखभाल शुल्काची बिले आणि हिशेब मी त्यावरच ठेवतो. बटण दाबल्यापासून एक्सेलची फाइल उघडेपर्यंत दहा-बारा मिनिटे जातात. शेजारच्या मुलाने वेग वाढावा म्हणून बूटच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरची संख्या ४ केली आणि व्हर्च्युअल मेमरी बंद केली. तेव्हापासून एक्सेल मध्येच बंद पडते. दुकानदार नवा संगणक घ्यायला सांगतो. सेटिंग बदलून काही फरक पडेल का?
— एक वाचक, गोरेगाव (पूर्व)

उत्तर : फरक पडेल; मात्र नवा बदल करण्याआधी झालेले दोन बदल मागे घ्यावेत, आणि त्याच्याही आधी सोसायटीच्या सर्व फाइलींची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.

रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती ठेवण्याची जागा, अपुरी पडू लागली की विंडोज त्या क्षणी न लागणारी माहिती हार्ड डिस्कवर राखून ठेवलेल्या एका फाइलीत हलवते आणि रॅममध्ये जागा करते. हीच व्हर्च्युअल मेमरी. ती बंद केल्यावर ४ जीबीच्या संगणकात ब्राउझर आणि एक्सेल एकत्र उघडले की जागाच उरत नाही आणि चालू असलेला प्रोग्राम बंद पडतो. आपल्या एक्सेलचे दुखणे बहुधा हेच आहे. शोधपट्टीत इंग्रजीत ‘परफॉर्मन्स’ असे लिहिल्यावर ‘अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज’ हा पर्याय दिसतो. त्यातील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या भागात व्हर्च्युअल मेमरीखालचे ‘चेंज’ बटण दाबावे, सर्वांत वरच्या ‘ऑटोमॅटिकली मॅनेज’ या ओळीपुढे खूण करावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. बूटच्या सेटिंगमधील प्रोसेसरच्या संख्येपुढच्या चौकोनातली खूणही काढून टाकावी. विंडोज उपलब्ध असलेले सर्व कोअर (प्रोसेसरमधील काम करणारे भाग) मुळातच वापरते. तो चौकोन चाचणीसाठी संख्या कमी करता यावी म्हणून दिलेला आहे, त्याने वेग वाढत नाही. शेजारच्या मुलाला दोष देऊ नये, कारण हा सल्ला इतक्या ठिकाणी छातीठोकपणे दिलेला आढळतो की कोणाचाही विश्वास बसावा.

यानंतर संगणक नेमका कशासाठी थांबतो आहे, ते पाहावे. माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी तीच बहुतेक जण वगळतात. संगणक सुरू झाल्यावर दुसरे काहीही न उघडता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि सीपीयू, मेमरी व डिस्क हे तीन रकाने पाच मिनिटे पाहत राहावेत. गेल्या पावसाळ्यात दादरला एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी मी असाच बसलो होतो. सीपीयू ९ टक्के, मेमरी ७१ टक्के आणि डिस्क मात्र हलायला तयार नसलेले १०० टक्के. डिस्कच्या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केल्यावर सर्वांत जास्त काम करणारा प्रोग्राम वर आला. तो होता मुदत संपून दोन वर्षे झालेला चाचणी अँटिव्हायरस. तो अनइन्स्टॉल केल्यावर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागला आणि पुढच्या वेळी त्यांचा संगणक निम्म्याहून कमी वेळात हाताशी आला. त्या दिवशी आम्ही दुसरे एकही सेटिंग बदलले नव्हते.

टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ हा भाग आहे. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी तेथे असते आणि प्रत्येकापुढे त्याचा भार ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा लिहिलेला असतो. प्रिंटरचे मदतनीस, व्हिडिओ कॉलचे प्रोग्राम, गाण्यांचे प्रोग्राम हे सारे ‘डिसेबल’ करता येते. ते काढून टाकले जात नाहीत, हवे तेव्हा हाताने उघडता येतात. आपण मराठी टायपिंगसाठी वेगळा कीबोर्ड-प्रोग्राम वापरत असाल, तर तो मात्र चालू ठेवावा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सोसायटीची सूचना मराठीत लिहायला बसल्यावर अक्षरेच उमटणार नाहीत. क्रोम बंद केल्यावरही त्याचे काही भाग मागे चालू राहू शकतात. त्याच्या सेटिंगमधील ‘सिस्टिम’ या भागात ते थांबवण्याची सोय आहे.

खिडक्यांची हालचाल, सावल्या आणि पारदर्शकता बंद करण्याचा सल्ला योग्य आहे, पण त्याचा लाभ माफक असतो. वर सांगितलेल्या त्याच चौकटीत ‘व्हिज्युअल इफेक्ट्स’खाली ‘अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडले की सर्व खुणा निघून जातात. त्यानंतर ‘स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ही खूण आठवणीने परत करावी. ती नसेल तर देवनागरीतील जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार दातेरी दिसतात, ‘क्ष’ आणि ‘द्ध’ वाचताना डोळ्यांना त्रास होतो आणि त्या बदल्यात जाणवण्याइतका वेगही मिळत नाही.

सी ड्राइव्हवर निदान १५ टक्के जागा रिकामी ठेवावी. आपली हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असल्यास ‘डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये ठरावीक मुदतीने होणारे काम चालू आहे ना, हे पाहावे. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारे प्रोग्राम वापरू नयेत. ‘प्रीफेच’ फोल्डर रिकामा करण्याचा सल्लाही ऐकू नये, कारण त्यातील नोंदी प्रोग्राम लवकर उघडावेत यासाठीच असतात.

एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. विंडोज १० मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते. पूर्णपणे नव्याने सुरुवात ‘रीस्टार्ट’नेच होते. म्हणून रोज रात्री संगणक बंद करत असलात तरी आठवड्यातून एकदा रीस्टार्ट अवश्य करावे.

एवढे करूनही डिस्कचा आकडा १०० वरच राहिला, तर सेटिंगचे काम तेथे संपले असे समजावे. अशा वेळी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवणे आणि रॅम ८ जीबी करणे हा खरा उपाय आहे. त्यासाठी संपूर्ण संगणक बदलण्याची गरज नाही. लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाण्यापूर्वी टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागातून रॅमचा वेग आणि वापरलेल्या खाचांची संख्या लिहून घ्यावी आणि रॅमची जुनी पट्टीही बरोबर न्यावी. २०१४ च्या संगणकात बहुधा डीडीआर३ या पिढीची रॅम असते आणि तिच्या पुढच्या पिढीची, डीडीआर४ ची पट्टी त्या खाचेत बसत नाही.

दुकानदाराच्या सांगण्यात मात्र एका बाजूने तथ्य आहे. विंडोज १० साठीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ च्या अधिकृत अटींमध्ये २०१४ चा प्रोसेसर बसत नाही. त्यामुळे बिले आणि हिशेब या संगणकावर खुशाल ठेवावेत; सोसायटीच्या बँक खात्याचे ऑनलाइन व्यवहार मात्र सुरक्षा-अपडेट मिळत असलेल्या दुसऱ्या संगणकावरून किंवा फोनवरून करावेत.