निधी कुठल्या नावाने मागायचा? वस्तीतल्या हवामान-कामांबद्दल वाचकांचे प्रश्न

वीसेक वर्षं मी वस्ती मंडळांच्या आणि बचत गटांच्या बायांबरोबर बसून अर्ज लिहिते, प्रस्ताव करते, ते घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढते. अलीकडे उकाडा, तुंबलेलं पाणी आणि खचणारी दरड यांचेच प्रश्न येतात. विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, की सरकारकडे 'हवामान बदल' असं लिहिलेली एखादी थैली असणार. त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वस्तीत दीडेकशे घरं, बहुतेक पत्र्याची. एप्रिल-मेमध्ये दुपारी लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात बसू शकत नाहीत. हवामान बदलासाठी सरकारी अनुदान मिळतं असं ऐकलं. त्याचा फॉर्म कुठे मिळतो? (बचत गटाच्या अध्यक्ष, येरवडा, पुणे)

ताई, त्या नावाचा फॉर्म शोधण्यात उन्हाळा घालवू नका. वस्तीने स्वतः भरायचा असा अर्ज मला तरी आजवर कुठल्याच क्षेत्रीय कार्यालयात दिसला नाही. तुम्ही बहुतेक 'माझी वसुंधरा' अभियानाबद्दल ऐकलं असेल. 2 ऑक्टोबर 2020 ला राज्याच्या पर्यावरण खात्याने ते सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर गावांना-शहरांना गुण देतात आणि बक्षिसं देतात. पण ती स्पर्धा महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींची आहे. बक्षिसाची रक्कमही त्यांच्याकडेच जाते, तुमच्या गटाकडे येत नाही.

म्हणजे पैसा नाही असं मात्र नाही. तो दुसऱ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या वेगळ्या नावांखाली आहे : इमारत दुरुस्ती, महिला व बालकल्याण, वस्ती सुधार, पाणीपुरवठा. आपली गरज त्यातल्या एखाद्या शब्दात बसवून मागायची. त्यात लबाडी काही नाही. अंगणवाडीचं छत तापतं ही इमारतीचीच अडचण आहे.

पुण्यात तुमच्यासाठी सर्वांत जवळचा रस्ता म्हणजे नागरिकांच्या सहभागातून होणारं अंदाजपत्रक. 2006-07 पासून पुणे महापालिका ते करते. एका कामासाठी 5 लाखांपर्यंतची सूचना साध्या फॉर्मवर देता येते. फॉर्म पावसाळ्याच्या अखेरीला निघतात, म्हणून जूनपासूनच क्षेत्रीय कार्यालयात चौकशी ठेवा. सोसायट्यांमधली माणसं हे फॉर्म नेमाने भरतात. वस्त्यांमधून फार थोडे जातात, आणि याचं मला खरंच दुःख होतं, कारण 5 लाखांत वस्तीत जेवढा फरक पडतो तेवढा सोसायटीच्या पदपथावर पडत नाही.

आता मुख्य अडचण. सरकारी पैसा सहसा सार्वजनिक मालमत्तेवर खर्च होतो, तुमच्या-माझ्या घराच्या पत्र्यावर नाही. म्हणून पहिल्या वर्षी दीडशे घरं मागू नका. अंगणवाडी, समाजमंदिर आणि सार्वजनिक शौचालय या तीन छतांवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग मागा. दुपारी मुलं आणि म्हाताऱ्या बसू शकतील अशी एक थंड खोली तरी वस्तीला मिळेल. पत्रा आधी घासून गंज काढून घ्यावा लागतो, नाहीतर रंग पहिल्याच पावसात सुटतो. धूळ बसली की परिणामही कमी होतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात मारायचा खर्च आत्ताच अंदाजपत्रकात लिहून घ्या. रंग चांगला बसला तर आतलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरतं असा ठिकठिकाणचा अनुभव आहे.

घरांच्या छतांसाठी उदाहरण हवं असेल तर अहमदाबादचं द्या. 2010 च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसं गेली, त्यानंतर 2013 मध्ये त्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला आणि 2017 मध्ये सुमारे 3,000 छतं पांढरी केली. तेलंगणाने तर 2023 मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. हे अर्जात लिहा. अधिकाऱ्याला 'दुसऱ्या महापालिकेने केलंय' हे वाक्य फार उपयोगी पडतं, वर पाठवायच्या टिपणीत त्याला ते जसंच्या तसं घालता येतं.

आणि एक वही घाला. एका वस्तीत आम्ही अंगणवाडीच्या पत्र्याखाली खिळ्याला सुतळीने साधा थर्मामीटर टांगला होता. आठवी-नववीतल्या मुली रोज दुपारी बारा आणि तीनला आकडा लिहायच्या. तीन रकाने : वेळ, आत, बाहेर सावलीत. महिनाभर एकही दिवस चुकवला नाही. कनिष्ठ अभियंता आले, त्यांनी वही चाळली आणि शेजारच्या घराच्या पोटमाळ्यावर स्वतः चढले. मिनिटभरात उतरले तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. काही न बोलता त्यांनी टेप मागितली आणि छताची मापं घ्यायला लागले. आमचं सह्यांचं निवेदन तोवर सात महिने पडून होतं.

प्रश्न : आमचं मंडळ नोंदणीकृत नाही. आधी नोंदणी करावी का? (तरुण मंडळाचा कार्यकर्ता, मालेगाव)

काम मागायला नोंदणी लागत नाही. नागरिक म्हणून पंचवीस सह्यांचं निवेदन द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या आणि ती पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. पैसा तुमच्या खात्यात यायचा असेल तरच नोंदणी लागते. ती 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासदांनी आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात होते. मग दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं. ते झेपणार नसेल तर महापालिकेनेच काम करावं असं मागा आणि देखरेख आपल्याकडे ठेवा.

प्रश्न : आम्ही डोंगर उतारावर राहतो. दर पावसाळ्यात दरड खाली येते. संरक्षक भिंतीसाठी चार वर्षं अर्ज करतोय. महापालिका म्हणते आमचं काम नाही, म्हाडा म्हणते जागा आमची नाही. (भांडुप, मुंबई)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरच्या वाशी नाक्याजवळ आणि विक्रोळीत दरडी कोसळून जे झालं ते या शहरात कोणी विसरू नये. त्या एका रात्रीत 30 हून अधिक माणसं गेली.

अर्जाचं पहिलं पान बदला. आत्ता त्यावर 'भिंत हवी' असं आहे. त्याच्या आधी 'जमीन कोणाची' हे यायला हवं. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा. उतारावर बरेचदा खालचा पट्टा एकाचा आणि वरचा दुसऱ्याचा असतो : जिल्हाधिकारी, वन खातं, महापालिका, म्हाडा, खाजगी मालक. भिंत ज्या रेषेवर येणार ती रेष नकाशावर लाल पेनाने ओढा आणि ती कोणाच्या हद्दीत पडते ते लिहा. जमीन रेल्वेची किंवा केंद्र सरकारच्या दुसऱ्या खात्याची निघाली तर त्यांचा ना हरकत दाखला आल्याशिवाय राज्याचा पैसा तिथे लागत नाही, आणि सगळ्यांत जास्त वर्षं त्यातच जातात. वस्ती 1971 च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित आहे का, हेही त्याच वेळी बघून घ्या. असेल तर सुधारणेची कामं करायला पाया मिळतो.

त्यानंतर पैसा. मुंबईत अशा भिंती बांधण्याचं काम म्हाडाचं झोपडपट्टी सुधार मंडळ करतं. निधी जिल्हा नियोजनातून किंवा आमदार निधीतून येऊ शकतो. आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी मिळतात, खासदारांनाही 5 कोटी. खासदार निधीतला 15 टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी सुचवायचा असतो. तुमची वस्ती त्यात बसत असेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा. आमदारांच्या पत्रावर समाधान मानू नका. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयात जातं, तिथून अंदाजपत्रक मागवतात, मग प्रशासकीय मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यादेश. दर महिन्याला जाऊन फाईल यातल्या कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात विचारा.

मुंबईचा हवामान कृती आराखडा 13 मार्च 2022 ला जाहीर झाला. त्यात पूर आणि दरडींच्या जोखमीची चर्चा आहे. अर्जात त्याचा दाखला द्या, म्हणजे तुमची मागणी एका गल्लीची राहत नाही, महापालिकेने स्वतः मान्य केलेल्या धोक्याची होते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. भिंत झाली की निर्धास्त होऊ नका. 2 जुलै 2019 ला मालाडच्या पिंपरीपाड्यात मुसळधार पावसात भिंतच घरांवर कोसळली आणि सुमारे 30 जीव गेले. भिंतीमागे साचणारं पाणी फार मोठा दाब देतं. ते बाहेर पडायला भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं लागतात, मागे दगडगोट्यांचा भराव लागतो आणि वरच्या अंगाला पाणी वळवणारी गटार लागते. काम चालू असताना या तीन गोष्टी मोजून बघा आणि फोटो काढा. मे महिन्यात सळई घालून भोकं मोकळी करा. अभियंत्याने पाहणी करून 'इथे भिंत टिकणार नाही' असं सांगितलं, तर ते लेखी घ्या आणि त्या कागदावर पुनर्वसन मागा. तो कागद मिळणं हेसुद्धा यशच आहे.

प्रश्न : आमची एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली) सात मजली इमारत. लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचं बिल थकलं की लिफ्ट बंद, म्हाताऱ्या अडकतात. सोलर बसवायला अनुदान आहे का? (सोसायटी सचिव, घाटकोपर)

आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तीन किलोवॅटला मिळून 78,000. पण अनुदान यंत्रणा बसून चालू झाल्यावर खात्यात येतं. आधीचे पैसे सोसायटीनेच उभे करायचे. म्हणून पहिल्यांदा सामाईक मीटर सोसायटीच्या नावावर आहे का आणि थकबाकी किती ते बघा. अजून विकासकाच्या नावावर असेल तर नाव बदलून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमधून मोकळी, सावली न पडणारी जागा किती उरते तेही मोजा. वीज बिलात वाचणाऱ्या पैशांतून हप्ता फिटेल का, हा हिशेब सर्वसाधारण सभेत फळ्यावर मांडा. पटला तर लोक वर्गणी देतात, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : सांगोला तालुक्यातली आमची साठ घरांची दलित वस्ती. उन्हाळ्यात टँकर. छतांचं पाणी साठवणं आणि बोअर पुनर्भरण हवंय, पण ग्रामसभेत आमचा विषय येतच नाही.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. वस्तीतल्या बायांनी तिथेच ठराव मांडावा, इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि सही करण्याआधी वाचून बघावा. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिला होता आणि त्यात पावसाचं पाणी साठवणं थेट नाव घेऊन आहे. गावाने तो कशावर खर्च केला ते आराखडा मागून बघा. तुमच्या वस्तीत किती आले हा प्रश्न त्या कागदावर बोट ठेवून विचारता येतो.

दुसरा रस्ता समाजकल्याणचा : अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजना. तिथे अर्जापेक्षा पाच वर्षांचा बृहत आराखडा महत्त्वाचा. त्यात वस्तीचं नाव आणि लोकसंख्या नसेल तर काहीच मिळत नाही. 2020 नंतर जातिवाचक वस्त्यांची नावं बदलली, आणि ते योग्यच झालं. पण तुमच्या वस्तीचं नाव बदललं असेल तर अर्जात जुनं आणि नवं दोन्ही लिहा. नावं जुळली नाहीत म्हणून फाईल परत यायला नको.

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात असतो. इथे गरीब वस्त्यांना हवामानाच्या कामांसाठी राज्य थेट अनुदान देतं. आपल्याकडे असं होईल का? आणि मी माझ्या जुन्या वस्तीला पैसे पाठवू शकतो का? (मूळ नागपूरचे वाचक)

तुम्ही ज्याबद्दल लिहिता तो कार्यक्रम 2016 च्या कायद्याने आला. पहिल्या फेरीत तिथली फ्रेस्नो आणि ऑन्टारिओ ही शहरं आणि लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही वस्ती निवडली गेली, एकट्या फ्रेस्नोला 6 कोटी 65 लाख डॉलर मिळाले. त्यातली मला फार आवडलेली अट म्हणजे सुधारणेमुळे भाडी वाढून मूळचे रहिवासी बाहेर फेकले जाऊ नयेत याचा आराखडा अर्जाबरोबरच द्यावा लागतो. आपल्याकडे नाल्याकाठी झाडं लावायचा प्रकल्प आला की पहिली भीती घर जाण्याची असते. ही अट आपल्या वस्ती सुधार योजनांत यावी असं मी जिथे संधी मिळेल तिथे मांडते.

पैशांचं म्हणाल तर आधी तुमचा पासपोर्ट सांगा. भारतीय नागरिक असाल तर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि 2010 च्या परकीय योगदान कायद्याची परवानगी नसलेल्या मंडळाने ती घेणं गुन्हा ठरतो. कृपा करून वस्तीतल्या मंडळाच्या मुलांच्या खात्यावर परस्पर पैसे टाकू नका. परवानगी असलेल्या नागपुरातल्या एखाद्या संस्थेमार्फत द्या आणि ते कशाला वापरायचे हे वस्तीला ठरवू द्या. बहुतेक वेळा पहिली गरज अगदी छोटी असते : मोजणीची फी, नकाशाची प्रत, अभियंत्याकडून करून घेतलेलं एक अंदाजपत्रक. त्याला सरकारी लेखाशीर्ष मिळत नाही आणि त्याच्यावाचून पुढचा कुठलाच अर्ज हलत नाही.