ट्रॅकवर पळवलेली जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी तेलाचा दिवा लुकलुकला. आता काय करावे?

आपण लिहिले आहे की, बीडहून पुण्याला जाऊन एका हौशी चालकाकडून ट्रॅकसाठी तयार केलेली जुनी मारुती एस्टीम घेतली. कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर पहिल्याच दिवशी लांब वळणात तेलाचा दिवा लुकलुकू लागला, दुसरा गिअर टाकताना खरखर होते, दुपारी इंजिन तापते आणि विकणारा आता फोन उचलत नाही. गाडी परत करावी, दुरुस्त करावी की पुढच्या महिन्यात पुन्हा अशीच ट्रॅकवर न्यावी, असे आपण विचारले आहे. मी वाळूज एमआयडीसीत नोकरी करतो आणि काही वर्षांपूर्वी याच जातीची गाडी घेऊन जवळजवळ याच क्रमाने फसलो, म्हणून आधी एवढेच सांगतो की इंजिन पुन्हा सुरू करू नका. गिअर आणि तापणे यांना थोडा दम धरता येतो, तेलाला येत नाही.

माझी चूक कशी झाली ते सांगितले म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. गाडी पाहायला जाताना मी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारे यंत्र, सोबत नेले होते. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून माप घेतले, चारही सिलिंडरमध्ये १६५ ते १७२ पीएसआय (दाबाचे एकक) भरले आणि मी समाधानाने तिथेच बयाणा दिला. परंतु कॉम्प्रेशनवरून रिंग, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट यांची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या अर्ध्या भागाची अवस्था कळते. खाली क्रँकच्या बेअरिंगचे काय झाले आहे, याचा त्या आकड्यांशी काहीही संबंध नसतो. आम्ही पोहोचलो तेव्हा बॉनेट गरम होते, म्हणजे थंड इंजिन सुरू होताना येणारा आवाज आम्हाला ऐकू येऊ नये याची व्यवस्था आधीच झालेली होती, आणि आत नेहमीपेक्षा जाड तेल भरलेले होते, ज्याने झिजलेल्या इंजिनातही दाब बरा दिसतो. माझे आजोबा माळेगावच्या जत्रेत बैल घेताना दात पाहून थांबत नसत, औताला जुंपून एक तास काढून पाहिल्याशिवाय पैसे मोजत नसत. मी दात पाहून परत आलो होतो.

आता तेलाचा दिवा वळणातच का लुकलुकतो, ते पाहू. वळणात संपमधल्या, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यातल्या, तेलावर बाहेरच्या बाजूला ओढ बसते. रोजच्या रस्त्यावर ती इतकी कमी असते की तेल जेमतेम हलते. पण चिकट टायर लावून ट्रॅकच्या लांब वळणात गाडी काढली की ही ओढ गुरुत्वाकर्षणाच्या जवळ जाते, आणि दोन्ही सारख्या झाल्या की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत कलतो. सगळे तेल संपच्या एका बाजूला चढते, पंपाची नळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा जो काही मायक्रॉन जाडीचा थर असतो, तो त्या एका-दोन सेकंदांत तुटतो आणि धातूवर धातू घासतो. डॅशबोर्डवरचा दिवा साधारण ५ पीएसआयच्या आसपास, म्हणजे दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चाललेल्या इंजिनात तो लुकलुकला याचा अर्थ बेअरिंग त्या क्षणी कोरडी चालत होती. हा गाडी बनवणाऱ्याचा दोष नव्हे, कारण रस्त्यासाठी बनवलेला संप या कामासाठी बनवलेलाच नसतो. आधीच्या मालकाने आत आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, बसवून घ्यायला हव्या होत्या.

त्यामुळे मिस्त्रीकडे गेल्यावर सर्वप्रथम तेल स्वच्छ पातेल्यात काढून घ्या आणि फिल्टर कापून बघा. फिल्टर हॅक्सॉने कापू नका, कारण हॅक्सॉचा कीस आत पडला की तो इंजिनाचा की पात्याचा, हे ठरवता येत नाही. पाइप कटरसारख्या फिरत्या चाकाने पत्रा उघडा. आतला घडीचा कागद कापून वाइसमध्ये पिळा, उन्हात पसरा आणि त्यावरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटतो तो लोखंडी चुरा कॅम, रिंग किंवा तेलपंपाचा असू शकतो. चुंबकाला न चिकटणारी तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगचा वरचा मऊ थर झिजून खालचा थर उघडा पडला आहे असे धरा आणि त्याच दिवशी इंजिन उतरवा. कागद स्वच्छ निघाला, तर नवे तेल भरा, तेलाच्या दिव्याच्या स्विचच्या जागी दाब दाखवणारे मेकॅनिकल गेज लावा आणि मगच इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या. दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय, हा जुना ठोकताळा अजूनही उपयोगी पडतो. एवढा दाब मिळत असेल तर तुमचे इंजिन वाचले आहे आणि काम संपमध्ये बॅफल बसवण्यापुरतेच उरले आहे. ते पत्राकाम करणारा कोणताही चांगला वेल्डर एका दिवसात करून देतो.

मी यातले काहीच केले नाही. गिअरची खरखर कानाला जास्त खुपत होती, म्हणून आधी गिअरबॉक्स उघडून पितळी सिंक्रो रिंग (गिअर खरखर न होता बसवणाऱ्या कड्या) बदलल्या, आणि ट्रॅकच्या पुढच्याच फेरीत तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग आपल्या जागेतून सुटून फिरले. क्रँक अर्धा मिलिमीटर घासून घ्यावा लागला आणि इंजिन नव्याने बांधावे लागले. आधी थांबलो असतो तर बेअरिंगच्या एका सेटमध्ये भागले असते. तुमचा दुसरा गिअर मात्र काही महिने डबल क्लच मारून, म्हणजे गिअर बदलताना मध्ये न्यूट्रलवर क्लच सोडून पुन्हा दाबून, चालवता येईल.

तापण्याबद्दल एक शंका आपल्या भागामुळे येते. रेसमध्ये अनेक ठिकाणी ग्लायकॉलचे कूलंट चालत नाही, कारण सांडले तर ट्रॅक निसरडा होतो. म्हणून अशा गाड्यांत साधे पाणी असते, आणि मराठवाड्यात ते बोअरचे असले तर क्षारांचा थर बसून रेडिएटरच्या नळ्या अरुंद होतात. गाडी घेतल्यावर तुम्ही वरून बोअरचे पाणी घातले असेल तर ते काढून डिस्टिल्ड पाणी भरा. मात्र थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर तो क्षारांचा नव्हे, हेड गॅस्केटचा प्रश्न आहे. याच वेळी ब्रेक फ्लुइड नवे भरा (डॉट ४ प्रतीचे फ्लुइड नवे असताना किमान २३० अंशांना उकळते, पाणी शोषलेले १५५ च्या आसपासच), डिस्कवर भेगा आहेत का पाहा आणि जॅकवर चाक हलवून हबचे बेअरिंग तपासा.

परत करण्याबाबत फार आशा ठेवू नका. विकणारा डीलर नसून खासगी माणूस असेल, तर १९३० च्या मालविक्री कायद्यात मालाच्या दर्जाची आपोआप मिळणारी हमी जवळपास नसते. त्याने ‘इंजिन नुकतेच बांधले आहे’ असे लेखी कळवले असेल आणि ते खोटे ठरले, तर १८७२ च्या करार कायद्यातल्या कपटाच्या कलमाचा आधार घेता येईल; म्हणून व्हॉट्सॲपवरचे संदेश जपून ठेवा आणि इंजिन उघडताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा. ‘टकाटक आहे’ एवढेच तोंडी म्हटले असेल तर वकिलाची फी बेअरिंगवर खर्च करा. आरसी आपल्या नावावर करण्याचा अर्ज मात्र रखडवू नका; घेणाऱ्यासाठी त्याची मुदत ३० दिवसांची असते.

पुढच्या महिन्याचे बुकिंग फिल्टर कापल्यावरच पक्के करा. कागदाचा उन्हात काढलेला फोटो इथे टाकलात, तर त्यातली चमक तांबूस आहे की पांढरी, हे मी पाहून सांगेन.