वेल्क्रोचा, म्हणजे दाबली की चिकटणाऱ्या आणि ओढली की सुटणाऱ्या दुहेरी पट्टीचा, शोध नासाने लावला, हे खरं आहे का?

नाही. नासामुळे वेल्क्रो गाजलं, एवढंच. अपोलो यानांत वस्तू तरंगत जाऊ नयेत म्हणून ते जागोजागी लावलेलं होतं, त्यावरून हा समज पसरला.

मूळ कल्पना जॉर्ज द मेस्त्राल या स्विस अभियंत्याची. १९४१ मध्ये आल्प्समधून शिकारीहून परतताना बर्डॉक नावाच्या झुडपाची बोंडं त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर प्रत्येक काट्याचं टोक आकड्यासारखं (हुकासारखं) वळलेलं होतं आणि ते धाग्यांच्या फाशांत अडकत होतं. त्यावरून एका पट्टीवर आकडे आणि दुसरीवर मऊ फास अशी जोडी बनवायचं त्याने ठरवलं.

गोष्ट सहसा इथेच संपवतात, पण खरी डोकेदुखी इथून पुढे होती. फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या विणकराने बनवलेला सुती नमुना लवकर झिजला. मग नायलॉन घेतलं. अवरक्त किरणांच्या उष्णतेत नायलॉनच्या धाग्याला दिलेला बाक टिकतो, त्यामुळे मऊ फाशांची पट्टी जमली. अडलं ते आकड्यांपाशी. आकडा वेगळा बनवत नाहीत. आधी फास विणायचा, उष्णतेने कडक करायचा आणि मग शेंड्याजवळ फक्त एका बाजूने कापायचा. काप फार खाली गेला की बाक उरत नाही, सरळ धागा उरतो. हे काम यंत्राने बिनचूक होईपर्यंत वर्षं गेली. पेटंट १९५५ मध्ये मिळालं. नाव फ्रेंचमधून जोडलेलं: वेलूर म्हणजे मखमल, क्रोशे म्हणजे आकडा.

ही रचना कळली की पट्टी पकडेनाशी का होते तेही कळतं. बहुतेक वेळा पट्टी खराब झालेली नसते, आकड्यांत केस आणि सुताचा भुगा अडकून फाशांना जागाच उरलेली नसते. बारीक दातांच्या कंगव्याने किंवा सुईने तो काढा. धुताना दोन्ही पट्ट्या एकमेकींवर बंद ठेवा, नाहीतर आकडे बाकीच्या कपड्यांचे धागे ओढतात. इस्त्री अजिबात फिरवू नका, नायलॉन वितळतं. मऊ बाजूचे फास तुटून लव उभी राहिली असेल, तर मात्र साफसफाईने काही होणार नाही. तेवढी मऊ पट्टी उसवून नवी शिवा, आकड्यांची जुनी चालते.

आणखी एक: ही पट्टी सपाट ठेवून तिच्याच पृष्ठभागाला समांतर ओढली तर दणकट असते, कडेपासून सोलताना मात्र सहज सुटते, कारण तेव्हा एका वेळी आकड्यांची एखादीच ओळ ताण घेते. त्यामुळे पिशवीचा पट्टा शिवताना ओढ पट्टीच्या लांबीच्या दिशेने येईल असं पाहा.