बँक मॅनेजर व्हायचंय ना, मग आधी पीओचं (प्रोबेशनरी ऑफिसरचं) बघ

भाऊ, थेट मॅनेजरची भरती शोधत बसू नको. सरकारी बँकेत बहुतेक जण आयबीपीएसची (बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था) पीओ परीक्षा देऊनच आत येतात, स्टेट बँकेची परीक्षा वेगळी. डिग्री कोणतीही चालते, वय 20 ते 30, मग प्रोबेशन, आणि ब्रांच हातात यायला काही वर्षं जातातच.

सुरुवातीला एवढंच कर:
- बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डीला) जाऊन चार क्लासच्या नोट्स गोळा करू नको, एकच मटेरियल धर.
- प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या फेरीच्या परीक्षेला, तीन सेक्शन, प्रत्येकी 20 मिनिटं. घड्याळ लावून मॉक (सराव परीक्षा) दे, आजपासूनच, सिलॅबस संपायची वाट बघू नको बाप्पा.
- तुक्के मारू नको, चुकलं की त्या प्रश्नाच्या मार्कांचा पाव हिस्सा कटतो.

आणि एक, सगळे फक्त गणित-रिझनिंग घासतात पण नोकरी माणसांची आहे. माझ्या पहिल्या ब्रांचला एक आजी पासबुक रुमालात गुंडाळून आणायच्या, एंट्री मारली की म्हणायच्या हळूच वाचून दाखव रे, मागे लाइन लागलेली असायची तरी मी वाचायचो. तेव्हा कोणत्याही काउंटरवर बसायला लाजू नको. पोस्टिंग नागपुरातच मिळेल हेही डोक्यातून काढ, घरी आत्ताच सांगून ठेव. जेएआयआयबी (बँकेतल्या लोकांची परीक्षा) वगैरे जॉइन झाल्यावर बघू. पहिल्या मॉकचे मार्क मात्र सांग मला, कितीही येवोत.