मुलगी चौथीत आहे, ‘मला गणित जमतच नाही’ म्हणते. घरी काय करावं?

आधी घरातली वाक्यं बदला. ‘मलाही गणित कधी आलं नाही गं’ हे आपण धीर द्यायला म्हणतो, पण मूल त्यातून एवढंच ऐकतं की गणित आपल्या घराण्यातच नाही. ‘हुशार आहेस’ हे कौतुकही जपून करा. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. बुद्धीची स्तुती झालेली मुलं अवघड कोडी आल्यावर लवकर खचली. मेहनतीची स्तुती झालेली जास्त वेळ टिकली.

पण नुसतं ‘प्रयत्न कर’ म्हणूनही भागत नाही. प्रयत्न नेमका कुठे करायचा ते दिसायला हवं. समजा, तिने ४७ × ६ चं उत्तर २४२ काढलं. लगेच फुली मारू नका. ‘कसं केलंस, मला सांग’ म्हणा. सांगता सांगता बहुतेक वेळा तिलाच कळेल की ४२ मधला हातचा ४ मिळवायचा राहिला. मग म्हणा, ‘गुणाकार बरोबर केलास, फक्त हातचा सुटला.’ ‘जमत नाही’ची जागा तेव्हा एका छोट्या, दुरुस्त होणाऱ्या गोष्टीने घेतली जाते. माझ्या मते घरी करण्यासारखं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

पाढ्यांसाठी घड्याळ लावू नका. आणि तुम्हालाच गृहपाठ घेताना चिडचिड होत असेल, तर त्या दिवशी वही मिटून सरळ पत्ते किंवा सापशिडी खेळा.