अमेरिकेत ज्यू मंडळीने सिनेगॉगसाठी (ज्यू प्रार्थनास्थळासाठी) मागितलेली भूवापर परवानगी शेजाऱ्यांच्या हरकतींमुळे नाकारता येते का?

केवळ हरकती आल्या म्हणून नाकारता येत नाही. पार्किंग, रहदारी आणि आवाज यांविषयीची काळजी रास्त असू शकते आणि परवानगी देणाऱ्या स्थानिक नियोजन मंडळाने ती ऐकलीच पाहिजे. परंतु 2000 साली झालेल्या संघीय कायद्यानुसार, धर्मस्थळाला अन्य सभास्थानांपेक्षा कमी दर्जाची वागणूक देता येत नाही आणि सबळ शासकीय कारणाशिवाय धर्माचरणावर मोठा भार टाकता येत नाही. फ्लोरिडातील सर्फसाइड गावाने व्यापारी भागात खासगी क्लबांना मुभा देऊन सिनेगॉगना मात्र मनाई केली होती. 2004 मध्ये अपील न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. न्यूयॉर्क राज्यातील मामारोनेक येथे एका ज्यू शाळेच्या विस्ताराला मिळालेला नकारही 2007 मध्ये टिकला नाही, कारण रहदारीच्या आक्षेपाला पुरेसा पुरावा नव्हता.

सनातनी ज्यू शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या, दिवशी वाहन चालवत नाहीत, त्यामुळे प्रार्थनास्थळ घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही त्यांची खरी गरज असते, आणि शेजाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. सुनावणीत गाड्यांची मोजणी, कार्यक्रमांच्या वेळा आणि पार्किंगची सोय यांवर बोलावे व तशा अटी मागाव्यात. ‘ही माणसे इथे नकोत’ असा सूर सुनावणीच्या नोंदीत उतरला, तर तोच पुढे न्यायालयात नियोजन मंडळाविरुद्धचा पुरावा ठरू शकतो.