आठवण करावी, पण किती?

आमचे मंडळ बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या ज्येष्ठांकडून दर तीन महिन्यांनी तब्येतीची प्रश्नावली भरून घेते. तिसऱ्या फेरीत निम्मे लोक गप्प बसले. किती वेळा आठवण करावी?

फेरीच्या तीन-चार दिवस आधी "प्रश्नावली येते आहे" एवढेच कळवा. ती पाठवल्यावर पाचव्या दिवशी पहिली आठवण आणि बाराव्या दिवशी दुसरी. तिसरी मात्र फोनने करा. दोन मेसेज बघून सोडून देणारा तिसराही बहुधा सोडतोच. मार्ग बदलला तर आशा असते. मग थांबा. पुढच्या प्रत्येक आठवणीला उत्तरे कमी आणि वैताग जास्त मिळतो, आणि तुम्हाला तीन महिन्यांनी त्याच दारी जायचे आहे.

लोक सर्वांत जास्त दुखावतात ते फॉर्म भरूनही आठवण आली की. आदल्या दिवशीची यादी वापरू नका. पाठवण्याच्या तासभर आधी भरलेल्यांची नावे काढा. कागदी फॉर्म येत असतील तर तो गठ्ठा आधी नोंदवा. वेळ मात्र सगळ्यांना एकच नको. मागच्या फेरीत ज्याने सकाळी फॉर्म भरला, त्याला सकाळीच आठवण करा. नवरात्र, दिवाळीचा आठवडा आणि 14-15 जानेवारीची उत्तरायण सोडून फेरी आखा. बडोद्यात त्या दिवसांत फॉर्म भरायला कोण बसणार?

मराठी एसएमएसचे पैसे इंग्रजीपेक्षा जास्त का लागतात? आणि लिंक उघडायला लोक घाबरतात, त्याचे काय?

इंग्रजीत एका एसएमएसमध्ये 160 खुणा मावतात, देवनागरीत 70. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जाते : "फॉर्म" दिसायला दोन अक्षरे, मोजायला पाच. 71वी खूण आली की दोन एसएमएसचे पैसे. म्हणून असे लिहा : "नमस्कार काकू, तब्येतीचा फॉर्म बाकी आहे. मुदत 20 तारीख." यात मोकळ्या जागा धरून 54 खुणा जातात. छोट्या लिंकला 16 उरतात, त्यातली एक मोकळ्या जागेची. मराठी की गुजराती, हे पहिल्याच फेरीत विचारून नावापुढे लिहून ठेवा.

भीती रास्त आहे, तिला नावे ठेवू नका. पूर्वसूचना छापील पत्राने द्या. त्यात मंडळाचे नाव, एक चालू फोन नंबर आणि "आम्ही ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीही विचारणार नाही" हे वाक्य हवेच. मेसेज त्याच नंबरवरून जावा.

भेटवस्तू दिली तर फरक पडतो का?

पडतो. फॉर्म भरल्यावर देऊ म्हणण्यापेक्षा आधीच, पत्रासोबत दिलेली छोटी वस्तू जास्त उपयोगी पडते.

पीएचडीसाठी चार वर्षे त्याच कुटुंबांकडे जायचे आहे. काही जण पुण्याला, अहमदाबादला गेले, नंबर बदलले. आठवण कशी पोचवू?

ज्याचा पत्ताच हरवला त्याला आठवण कसली करणार? ही तयारी पहिल्या भेटीतच व्हायला हवी. प्रत्येकाकडून वेगळ्या घरी राहणाऱ्या दोघांचे नंबर घ्या, त्या दोघांना हे ठाऊक असू द्या. फेरीच्या शेवटी "पुढच्या सहा महिन्यांत घर बदलणार आहात का?" हे विचारा. दोन फेऱ्यांच्या मध्ये एक पत्र पाठवा : गेल्या वेळच्या उत्तरांतून काय दिसले ते चार ओळींत, सोबत पत्ता बदलल्यास कळवायचे कार्ड. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठ 1968 पासून त्याच कुटुंबांची पाहणी करते आणि घराबाहेर पडून वेगळा संसार थाटलेल्या मुलांनाही धरून ठेवते. हे पत्ते जपल्याशिवाय होत नाही.

कोण कितव्या आठवणीनंतर उत्तर देतो, तेही नोंदवा. उशिरा येणारे बहुधा कामात बुडालेले किंवा आजारी असतात. ते गळले तर तुमचे निष्कर्ष निवांत माणसांपुरतेच उरतील.

कुणी "नको" म्हटले तर?

आधी नीट ऐका. "आत्ता नको" म्हणणाऱ्याची ही फेरी सोडा, पुढच्या वेळी विचारा. "मला यातून काढा" म्हटले की त्याच दिवशी नाव सगळ्या याद्यांतून काढा, फोन करणाऱ्या स्वयंसेवकाच्या वहीतूनही. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही सांगतो. कारण विचारायचे तर एकदाच, आणि मन वळवायला नव्हे.